‘मध्ययुगीन’ ही शिवी कोणाला वाचवते?

गोव्यात छापखाना आला १५५६ साली, भारतातला पहिला. चार वर्षांनी, १५६० मध्ये, त्याच शहरात इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडी शोधून त्यांना शिक्षा करणाऱ्या चौकशीचं, न्यायासन बसलं. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. १५६८ मध्ये तो वारला. बारा वर्षांनी त्या न्यायासनाने ठरवलं की हा माणूस मनातून ज्यू धर्मच पाळत होता. मग त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली.

या प्रकाराला ‘मध्ययुगीन क्रौर्य’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. युरोपचं मध्ययुग म्हणजे साधारण पाचवं ते पंधरावं शतक. आता तारखा पाहा. हाडं जाळली तेव्हा कोलंबस मरून चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती आणि कोपर्निकसचा ग्रंथ छापून सदतीस. इन्क्विझिशन ही संस्था तेराव्या शतकात जन्मली हे खरं, आणि पाखंडी ठरवून माणसं जाळणं मध्ययुगातही होत होतं हेही खरं. तरी समुद्रापार कचेरी थाटून, पगारी अधिकारी नेमून, दप्तरात नोंदी ठेवत, मधली चार वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत चालवलेला हा कारभार मध्ययुगाचा नाही. तो आधुनिक काळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राज्याचा आहे.

मला आक्षेप घ्यायचा आहे तो या शब्दाच्या वापरावर. जातपंचायतीने एखादं कुटुंब वाळीत टाकलं, जमावाने कोणाला ठेचून मारलं, भोंदूने बळी घेतला, की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात ‘मध्ययुगीन मानसिकता’ हजर असते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या शब्दाने आरोपीच्या पिंजऱ्यात माणसाऐवजी एक काळ उभा राहतो, आणि तोही भलताच. कोणी हुकूम दिला, कोणाचं कर्ज बुडणार होतं, कोणाला जमीन मिळाली, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. शिवाय आपल्या मराठी माणसाच्या तोंडी ही शिवी विशेष विचित्र वाटते. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आपण ज्या शतकाला प्रकाशाचं मानतो त्याच शतकाचं नाव आपण अंधारासाठी वापरतो. हा अर्थ आपल्या अनुभवातून आलेला नाही. चौदाव्या शतकापासून इटलीतल्या लॅटिनप्रेमी विद्वानांनी आपल्या आधीच्या हजारेक वर्षांना अंधारयुग म्हटलं, पुढे पोपविरोधकांनी आणि अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी ते घट्ट केलं, आणि शाळेच्या पुस्तकातून ते आपल्यापर्यंत आलं.

सगळ्यात मोठी चूक चेटकिणींच्या बाबतीत होते. ९०६ च्या सुमारास जर्मन प्रदेशातल्या प्रुमच्या मठातून आलेल्या रेगिनोने बिशपांसाठी नियमांचं एक संकलन केलं. त्यातला एक नियम असा : काही बायका म्हणतात की आपण रात्री जनावरांवर बसून डायाना देवीबरोबर दूरदूर उडत जातो, हा भ्रम आहे, स्वप्न आहे, आणि ते प्रत्यक्ष घडतं असं मानणारा माणूसच श्रद्धेतून ढळलेला आहे. हा नियम पुढे बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याच्या मुख्य संग्रहात गेला. म्हणजे ऐन मध्ययुगात चर्चची अधिकृत भूमिका ‘असं काही उडणं-बिडणं नसतं’ अशी होती. चेटकिणी जाळण्याची मोठी लाट आली ती १५६० ते १६३० या काळात, छापील पुस्तकांच्या आणि शिकलेल्या न्यायाधीशांच्या साथीने. एकंदर चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा आजचा अंदाज आहे. व्यूर्झबुर्ग आणि बांबेर्ग इथली भीषण सत्रं १६२६ ते १६३१ मधली. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच सुमाराची. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणाऱ्या केपलरला स्वतःच्या म्हाताऱ्या आईचा चेटकाच्या आरोपातून बचाव करावा लागला. ती १६२१ मध्ये सुटली, चौदा महिने कोठडीत काढून. हा सगळा इतिहास ‘मध्ययुगा’च्या खात्यावर टाकला की विज्ञानाच्या आणि छपाईच्या युगाची वही आपोआप स्वच्छ होते.

पृथ्वीचा आकार ही दुसरी दंतकथा. १२३० च्या सुमारास पॅरिसमध्ये साक्रोबोस्को नावाच्या शिक्षकाने खगोलाचं एक छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ते पुढची चारशे वर्षं विद्यापीठांत चाललं. पृथ्वी गोल का, याची त्यातली कारणं आजही वर्गात सांगता येतील. आपल्याला रात्रीच्या पहिल्या तासाला दिसलेलं चंद्रग्रहण पूर्वेकडच्या लोकांना तिसऱ्या तासाच्या सुमारास दिसलेलं असतं, म्हणजे त्यांचा सूर्य आपल्या आधी मावळला. दक्षिणेकडे चालत गेलं की उत्तरेचे तारे खाली उतरतात आणि नवे तारे वर येतात. डोलकाठीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या खलाशाला किनाऱ्यावरची खूण दिसेनाशी होते तेव्हा तिच्या टोकावर चढलेल्याला ती दिसत असते. कोलंबसला विरोध झाला तो पृथ्वी सपाट आहे म्हणून नव्हे. त्याने कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचं अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर धरलं होतं; ते प्रत्यक्षात एकोणीस हजारांहून जास्त आहे. विरोधक पंडितांचं गणित बरोबर होतं, कोलंबसचं चूक. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. सपाट पृथ्वीवाल्या पाद्र्यांची गोष्ट लोकप्रिय केली ती १८२८ मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने.

त्या लोकांचं विश्व आपल्यापेक्षा वेगळं होतं, पण ते कच्चं नव्हतं. मध्ये पृथ्वी, तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी यांचे एकात एक बसलेले पारदर्शक गोल आणि त्यापलीकडे तारकांचा गोल. चंद्राच्या खाली सगळं बदलतं, सडतं, मरतं. चंद्राच्या वर काहीच झिजत नाही. पृथ्वी केंद्रात मानणं हा माणसाचा अहंकार होता असं म्हणतात ते चूक आहे. या रचनेत केंद्र म्हणजे तळ. गाळ जिथे साठतो ती जागा. नरक तर केंद्राच्याही पोटात. आणि हे विश्व लहानही नव्हतं. तेराव्या शतकातल्या इंग्रजी संतचरित्रांच्या एका संग्रहात सामान्य श्रोत्याला सांगितलं आहे की माणूस रोज चाळीस मैलांहून थोडं अधिक सरळ वर चालत राहिला तरी आठ हजार वर्षांत तारकांपर्यंत पोचणार नाही. तारकांच्या मानाने पृथ्वी एक बिंदू आहे, हे टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाचं वाक्य विद्यार्थी पाठ करत.

शरीर या विश्वाची लहान प्रत. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार रस. त्यांचा तोल गेला की आजार. वात-पित्त-कफाच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटं लागत नाहीत. इथे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण आपल्याकडच्या ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ या वादालाही ते लागू पडतं. दहाव्या शतकातल्या एका इंग्रजी वैद्यकाच्या पोथीत डोळ्यांवरच्या रांजणवाडीचं औषध आहे : लसूण आणि कांद्याच्या कुळातली दुसरी एक वनस्पती समभाग घेऊन चांगली कुटायची, त्यात वाईन आणि बैलाचं पित्त समभाग घालायचं, पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि रात्री पिसाने डोळ्याला लावायचं. २०१५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ते जसंच्या तसं बनवलं, तेव्हा प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही त्याने प्रयोगशाळेत मेले. एकेक घटक सुटा वापरला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ चार रसांचा सिद्धांत खरा ठरला असा होत नाही. त्याच पोथीत निरुपयोगी उपचारही भरपूर आहेत. पण नऊ रात्री ठेवा असं लिहिणाऱ्याने आठ आणि दहा रात्रींचाही अनुभव कुठेतरी घेतलेला असणार, हे मला नाकारवत नाही.

श्रद्धाही सरसकट आंधळी नव्हती. पिरेनीज डोंगरातल्या गावकऱ्यांच्या १३१८ ते १३२५ मधल्या जबान्या शिल्लक आहेत; त्या घेणारा बिशप जाक फूर्निए पुढे पोप झाला. आत्मा म्हणजे नुसतं रक्त, मेल्यावर काही उरत नाही, असं म्हणणारा शेतकरी त्यांत आहे. त्याला ते कोणी विद्यापीठात शिकवलं नव्हतं. विद्यापीठात जी पद्धत होती ती आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या फार जवळची : आधी प्रश्न मांडायचा, मग आपल्या मताविरुद्धचे युक्तिवाद जमतील तितके जोरकस मांडायचे, मग आपलं उत्तर, आणि शेवटी प्रत्येक विरोधी युक्तिवादाला वेगळं उत्तर. ईश्वर आहे का, हाही प्रश्न तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने असाच, ‘नाही असं दिसतं’ या बाजूने सुरू केला.

आता शेतावर येऊ, कारण दहातली आठ-नऊ माणसं तिथेच होती आणि या काळाचं खरं डोकं तिथेच दिसतं.

इंग्लंडच्या मध्य भागातलं तेराव्या शतकातलं गाव घ्या. नांगरटीची सगळी जमीन तीन मोठ्या वावरांत वाटलेली. एकात शरदात पेरलेला गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं जव, ओट, वाटाण्यासारखं कडधान्य, तिसरं वावर पड. पुढच्या वर्षी पाळी सरकते. प्रत्येक घराची जमीन तिन्ही वावरांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली. पट्टीचं माप लांबी २२० यार्ड, रुंदी २२ यार्ड, म्हणजे साधारण २०१ मीटर बाय २० मीटर. हाच एकर : बैलांचं एक औत दिवसाभरात नांगरेल असं मानलेलं रान. प्रत्यक्षात बऱ्याच पट्ट्या याच्या निम्म्या किंवा पाव असत. आपण आजही ज्या चाळीस गुंठ्यांच्या एकरात जमिनीचा सौदा करतो तो मध्ययुगीन इंग्लिश बैलांनी आखून दिलेला आहे.

जड चिखलट जमिनीत चाकाचा नांगर ओढायला आठ बैल लागत. आठ बैल एका घरात नसत, म्हणून औत सामाईक. इतकं लांब औत वळवायला फार जागा लागते, म्हणून तास, म्हणजे नांगराची ओळ, लांब ठेवायचा आणि टोक यायच्या आधीच बैल वळवायला लागायचे. त्यामुळे शेतातले वरंबे उलट्या एस अक्षरासारखे वाकडे होत. इंग्लंडच्या कुरणांत ते तिरप्या उन्हात अजून दिसतात. माती दरवर्षी पट्टीच्या मध्याकडे लोटायची की उंच वरंबा आणि खोल सरी तयार होते आणि पावसाचं पाणी सरीतून निघून जातं. पड ठेवायची ती आळसाने नव्हे. खत कमी, ते मिळायचं पडीवर आणि काढणीनंतरच्या धसकटांत मेंढरं बसवून. शिवाय पडीची उन्हाळी नांगरट केली की तण उघडं पडून वाळतं.

पट्ट्या विखुरलेल्या का? एका ठिकाणी गारपीट झाली तर सगळं घर बुडू नये, पाणथळ रान आणि माथ्याचं रान सगळ्यांच्या वाट्याला यावं, आणि सामाईक औत रोज एकेका माणसाच्या पट्टीत जावं. याची किंमतही होती. शेजाऱ्याच्या पट्टीत नांगराचा एक तास सरकवून जमीन खाणं हा इंग्लंडातला नेहमीचा गुन्हा. मॅनरच्या, म्हणजे जहागीरदाराच्या गावकोर्टाच्या दप्तरात त्याचे दंड पानोपानी आहेत. बांधाच्या भांडणात हाडं मोडलेल्या आपल्या गावांना ते वाचून परकं वाटणार नाही. एकाने काढणी उशिरा केली तर सगळ्या गावाची जनावरं धसकटांत सोडता येत नाहीत, म्हणून तारखा गावाने ठरवायच्या. सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं, वेचण्याचेही नियम होते : दिवसाला एक पेनी आणि जेवण या मजुरीवर कापणी करू शकणाऱ्या धडधाकट माणसाने सरवा वेचायचा नाही, तो म्हाताऱ्यांचा, मुलांचा, अशक्तांचा. रात्री पेंढ्या वाहून न्यायच्या नाहीत, कारण अंधारात कोणाची पेंढी कोणाच्या गाडीत जाते ते कळत नाही.

आता घराचा हिशेब करू. पंधरा एकरांचा मध्यम कुणबी. पाच एकर गहू, एकरी दोन बुशेल बियाणं, एकूण दहा. बुशेल म्हणजे साधारण सत्तावीस किलो गहू. चांगल्या वर्षी उतारा बियाण्याच्या चौपट : चाळीस बुशेल. दशमांश चर्चला, चार. पुढच्या वर्षीचं बियाणं दहा. उरले सव्वीस, त्यातून दळणाचा हिस्सा, आणि खंड भागवायला विक्री. घरात खायला मुख्यतः जव आणि ओट. आता पावसाने उतारा निम्म्यावर आला असं धरा : वीस बुशेल. दशमांश दोन, बियाणं मात्र तेच दहा. उरले आठ. पीक निम्मं झालं, तर घरात येणारं धान्य सव्विसाचं आठ, तिसऱ्या हिश्शाहून कमी झालं. बियाणं खाल्लं तर पुढचं वर्ष गेलं. सलग दोन वाईट वर्षांत माणसं का मरत याचं उत्तर या वजाबाकीत आहे. तेराव्या शतकात वॉल्टर ऑफ हेन्ली याने शेतीच्या हिशेबावर लिहिताना बजावलं होतं की बियाण्याच्या तिप्पट पीक आलं तर, भाव चढे नसतील तोवर, हाती काहीच लागत नाही.

१३१५ ते १३१७ मध्ये नेमकं हेच झालं. उन्हाळाभर पाऊस, गवत वाळेना, मिठागरांत मीठ बनेना, म्हणून मांस टिकवता येईना. १३१५ च्या ऑगस्टमध्ये सेंट ऑल्बन्स इथे मुक्कामाला आलेल्या राजा दुसऱ्या एडवर्डच्या लवाजम्यालाही पाव मिळायची पंचाईत झाली. सरकारने जनावरांचे कमाल भाव बांधून दिले, तर माल बाजारातून नाहीसा झाला. पुढच्या वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याचं अज्ञान यात कुठे आहे? त्याला आपली वजाबाकी तोंडपाठ होती. त्याच्याकडे नव्हतं ते खत, साठा आणि खंडातून सूट.

बाजारावर मात्र एक हुशार व्यवस्था होती. १२६० च्या दशकातल्या इंग्लिश कायद्याने पावाची किंमत कायम ठेवली आणि वजन बदलतं केलं. फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचा पांढरा पाव. गहू एका क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, बारा पेनी असेल तर पावाचं वजन ६ पौंड १६ शिलिंग. वजन नाण्यांत सांगितलं आहे, कारण तराजूत नाणी टाकून ते गावात कोणालाही पडताळता येई; आजच्या मापाने ते साधारण २.४ किलो. गहू दुप्पट महाग झाला की पाव निम्मा. पाच रुपयांचा बिस्किटपुडा गुपचूप हलका होत जातो हे आपण पाहतोच; तिथे किती हलका करायचा याचा तक्ता जाहीर होता आणि त्याखाली जाणाऱ्याला दंड, वारंवार गेला तर चौकात खोड्यात उभं राहणं. बिअरचंही तसंच, फक्त घरोघरी बिअर गाळणाऱ्या बायकांचा दंड इतका नियमित वसूल होई की तो अखेर परवाना-फी होऊन बसला.

न्यायाच्या बाबतीत ‘मध्ययुगीन’ म्हटलं की तापलेलं लोखंड आठवतं. आरोपीने एक पौंडाचा, गुन्हा मोठा असेल तर तीन पौंडांचा, तापवलेला लोखंडी तुकडा हातात घेऊन स्वतःच्या पावलाने नऊ पावलं न्यायचा. हात बांधून मोहोर करायची, तिसऱ्या दिवशी सोडायचा, जखम चिघळली असेल तर दोषी. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात सतराव्या-अठराव्या शतकात चालणारं रवादिव्य याच जातीचं : उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी आणि मोहोर, काही दिवसांनी गोतासमोर पाहणी. हंगेरीतल्या वाराद इथल्या १२०८ ते १२३५ च्या नोंदवहीत निकाल समजतो अशी २०८ प्रकरणं आहेत. त्यांत १३० जण निर्दोष ठरले. लोखंड खरंच लाल असतं तर इतके सुटले नसते. पुरोहित, गाव आणि भीती मिळून निवाडा करत, असंच यातून दिसतं.

ही पद्धत बंद पाडली ती पोपने, १२१५ च्या लॅटेरन परिषदेत : पुरोहितांनी अशा दिव्य-परीक्षेला आशीर्वाद द्यायचा नाही. देवाची अशी परीक्षा घेणं अयोग्य, हा पंडितांचा आक्षेप. मग पुरावा कुठून आणायचा? इंग्लंड ज्यूरीकडे वळलं. युरोपच्या मोठ्या भागात रोमन कायद्याच्या अभ्यासकांनी कबुलीजबाब हा पुराव्यांचा राजा ठरवला, आणि कबुली मिळवायला यातना कायदेशीर झाल्या. पाखंड्यांच्या बाबतीत १२५२ मध्ये पोपनेच परवानगी दिली. तर्क आला आणि त्याच्या मागोमाग शिकंजा आला. कोठडीत कबुली काढून घेण्याची सवय अंधारातून आली नाही, ती कायद्याच्या वर्गातून आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१३४८ ची प्लेगची साथ हा या सगळ्याचा कस. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या वैद्यकशाखेने राजाला अहवाल दिला : २० मार्च १३४५ रोजी कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली, त्यातून हवा दूषित झाली. सिद्धांत पूर्ण चूक. पण अ‍ॅड्रिआटिक किनाऱ्यावरच्या रागुसा शहराने १३७७ मध्ये ठरवलं की साथीच्या प्रदेशातून आलेल्यांनी शहरात येण्याआधी तीस दिवस बाहेर, बेटावर वा ठरवलेल्या जागी, काढावेत. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि चाळिसाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ आला. जंतू माहीत नसताना हा नियम निघाला, कारण जहाजामागून आजार येतो हे बंदरातल्या माणसांनी पाहिलं होतं.

त्याच साथीत ज्यूंनी विहिरींत विष घातल्याची अफवा पसरली. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ च्या सप्टेंबरमध्ये फर्मान काढलं. त्यातला युक्तिवाद असा : ज्यूही याच रोगाने मरत आहेत, आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही साथ आहेच, मग ते कारण कसे? यापेक्षा स्वच्छ तर्क आजच्या अफवांच्या काळातही कोणी केलेला नाही. तरी १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं गेलं. तेव्हा साथ त्या शहरात पोचलेलीही नव्हती. शहराची परिषद ज्यूंना वाचवू पाहत होती. कारागीर-संघांनी काही सरदारांच्या साथीने तिला आधी खाली खेचलं, मग जाळणं झालं. त्यानंतर कर्जखतं आणि गहाण परत केले गेले, रोकड वाटून घेतली गेली. त्याच शहराच्या इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं की ज्यूंना मारणारं विष म्हणजे हा पैसाच होता.

इथे मानसिकता शोधत बसणाऱ्याला काय सापडेल? पोपचं फर्मान त्याच युगाचं, परिषदेचा विरोधही त्याच युगाचा. जाळणाऱ्यांना कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा यांनी कोणत्याही युगाचं नाव घेतलेलं नाही. त्यांनी कृत्यं मोजून लिहिली आणि ती करणाऱ्याला आरोपी केलं. बातमी लिहिणाऱ्याने आणि अग्रलेख लिहिणाऱ्याने निदान तितकं करावं. वाळीत टाकलं तर कोणत्या जमिनीवरून, कोणत्या लग्नावरून, दंडाची रक्कम कोणाच्या खिशात गेली, हे विचारावं.

याच्या उलट टोकाची एक गोडवी हल्ली समाजमाध्यमांवर फिरते : मध्ययुगातला शेतकरी वर्षाला फक्त दीडशे दिवस राबायचा, बाकी सण. रविवार आणि सणांची सुट्टी बरीच होती हे खरं. पण गाईची धार सणाला थांबत नाही, सूतकताई थांबत नाही, आणि जहागीरदाराची आठवड्याची वेठ वेगळीच होती. लग्नाला कर, बाप मेला की सर्वांत चांगलं जनावर जहागीरदाराला. साथीनंतर माणसं कमी झाली आणि मजुरी वाढली, तेव्हा १३५१ च्या कायद्याने ती साथीआधीच्या दरावर बांधली; जास्त मागणारा गुन्हेगार ठरला. सुवर्णयुग म्हणणारेही दप्तर वाचत नाहीत.

सेंट ऑल्बन्सच्या मठात १३२७ ते १३३६ या काळात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता. लोहाराचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, आपल्या काळातला थोर गणिती. त्याने मठात एक खगोलीय घड्याळ उभारायला घेतलं, ज्यात सूर्य-चंद्राची गती, ग्रहणं आणि लंडन ब्रिजखालची भरती-ओहोटीही दिसे. राजाने विचारलं, चर्च पडायला आलंय आणि तुम्ही घड्याळावर पैसा घालता? तो म्हणाला, इमारत दुरुस्त करणारे मठाधिपती माझ्यामागून येतील, हे यंत्र पुरं करणारा कोणी येणार नाही.

याच माणसाने गावातल्या लोकांची घरची दळायची जाती जप्त केली. दळण मठाच्या गिरणीवरच आणायचं, दळणातला हिस्सा मठाला द्यायचा, घरी दळायचं नाही, हा मठाचा हक्क. जप्त केलेल्या जात्यांच्या तळ्या त्याने मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या. पन्नास वर्षं लोक त्या फरशीवरून ये-जा करत होते. जून १३८१ च्या शेतकरी उठावात गावकरी मठात शिरले, सनदा आणि दप्तरं मागून घेऊन जाळली आणि मग ती फरशी खणली. जात्यांचे तुकडे करून, रविवारी चर्चमध्ये मंत्रलेला पाव वाटतात तसे, त्यांनी ते आपसांत वाटून घेतले आणि घरी नेले.